हजेरीपट आणि स्मरणशिला

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



एप्रिल महिन्याची १४ तारीख आपण सारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून ओळखतो. याच दिवशी देशभरातील अग्निशमन केंद्रांमध्ये आणखी एक कार्यक्रम होतो, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. सकाळी गणवेशातील जवान रांगेत उभे राहतात, पुष्पचक्र वाहिले जाते, क्षणभर सारे स्तब्ध होतात. त्या दिवसापासून आठवडाभर शाळांतून, कारखान्यांतून आणि इमारतींतून प्रात्यक्षिके होतात आणि लहानसे ध्वज नागरिकांच्या छातीवर लावले जातात. हा अग्निशमन सेवा दिन. कामावर असताना मृत्यू आलेल्या माणसांचे शासकीय पातळीवर नियमाने होणारे जे मोजके स्मरण आपल्या देशात आहे, त्यात या दिवसाचे स्थान मोठे आहे. त्याचे मूळ आपल्या मुंबईत, गोदीच्या धक्क्यावर आहे. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करतो.

धक्क्यावरचे दोन तास

१२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज कराचीहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. महायुद्धाचा काळ होता. जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्यातच कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाची पिंपे असा सहज पेट घेणारा माल रचलेला होता. शिवाय ३१ पेट्यांमधून सोन्याच्या विटा होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने धोक्याचा लाल बावटा लावावा असा दंडक होता. तो बावटा या जहाजावर नव्हता.

१४ तारखेच्या दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर निघताना दिसला. अग्निशमन दलाचे बंब आले, शेकडो टन पाणी त्या कोठारात ओतले गेले. पण आगीचा ठाव लागेना. जहाज धक्क्यालाच बुडवावे की ओढून खोल समुद्रात न्यावे, हा निर्णय कोणी घ्यायचा हेच त्या दोन तासांत ठरले नाही. जहाजाचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी यांपैकी प्रत्येकाकडे अधिकाराचा एकेक तुकडा होता आणि संपूर्ण अधिकार कोणाकडेच नव्हता. अग्निशमन दलाचे जवान मात्र पाण्याचे नळ धरून उभे होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या हादऱ्याची नोंद थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. जळत्या कापसाच्या गाठी आसपासच्या वस्त्यांवर कोसळल्या. आजूबाजूची जहाजे बुडाली आणि हजारो माणसे एका संध्याकाळी बेघर झाली.

त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान आणि अधिकारी मृत्यू पावले. १४ एप्रिलचे स्मरण त्यांचे आहे आणि ते सर्वथा योग्य आहे. स्फोट होऊ शकतो हे कळल्यावरही ते नळ सोडून हटले नाहीत. अशांना विसरणारा समाज कृतघ्नच म्हणावा लागेल.

सहासष्टांच्या पलीकडे

आता मी आपले लक्ष एका आकड्याकडे वेधू इच्छितो. अग्निशमन दलाचे मृत ६६. हा आकडा एककापर्यंत नेमका आहे. त्या स्फोटातील एकूण मृत किती? या प्रश्नाचे उत्तर आठशेपासून तेराशेपर्यंत बदलते. अंदाजात पाचशे माणसांचा फरक! गोदीत माल उतरवणारे हमाल, खलाशी, गाडीवान, गोदामांतील कामगार आणि आसपासच्या वस्त्यांतील स्त्री-पुरुष या पाचशेच्या फटीत हरवले आहेत. ते होते की नव्हते, हेही आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

उलट, सोन्याच्या विटांचे पाहा. किती पेट्या होत्या, प्रत्येक पेटीत किती विटा होत्या, त्यांचे मोल किती, हे सारे कागदावर होते. स्फोटाने विटा दूरवर उडाल्या. पुढे कित्येक दशके गोदीतील गाळ उपसताना एखादी वीट हाती लागे आणि ती कोणाची याबद्दल शंका उरत नसे. धातूचा हिशेब लागला, माणसांचा लागला नाही. हे मी कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. या भेदाच्या मुळाशी एक अगदी साधे व्यावहारिक कारण आहे आणि तेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

अग्निशमन दलाला हजेरीपट होता. त्या दिवशी कोणत्या केंद्रातून कोणता बंब निघाला आणि त्यावर कोण कोण होते, हे लिहिलेले होते. संध्याकाळी हजेरी घेतल्यावर जे नाव पुकारूनही उत्तर आले नाही, ते नाव हुतात्म्यांच्या यादीत गेले. गोदीतील हमाल त्या काळी मुकादमाच्या टोळीतून येत असे. सकाळी धक्क्यावर उभे राहावे, मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाही तर परत, अशी ती पद्धत. आज कोण आले आणि उद्या कोण येणार, याचा गोदीकडे हिशेब नव्हता. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत गोदी कामगार मंडळ १९५१ मध्ये उभे राहिले. तोवर त्या माणसांना कागदावर अस्तित्वच नव्हते. अशा माणसाच्या मृत्यूची नोंद कोण करणार आणि कोणत्या वहीत करणार?

श्रोतेहो, मला सांगायचे आहे ते एवढेच की, ज्याचे नाव हजेरीपटावर नसते, त्याचे नाव स्मरणशिलेवर येत नाही. स्मारकाचा दगड शेवटी घडवला जातो. त्यावरचा मजकूर मात्र कामाच्या पहिल्या दिवशीच लिहिला जातो, किंवा लिहायचा राहून जातो.

स्मरणाने काय साधते?

कोणी म्हणेल की गेलेला माणूस गेला, स्मरणाने त्याच्या घरची चूल पेटत नाही. हा आक्षेप खरा मानला, तरी स्मरण म्हणजे केवळ पुष्पचक्र नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. गोदीच्या स्फोटानंतर चौकशी आयोग नेमला गेला. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात रचण्याची चूक, लाल बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यातील विलंब, अग्निशमन दलाला वर्दी देण्यातील दिरंगाई अशी कारणे आयोगाने एकामागून एक नोंदवली. अग्निशमन आठवड्यात मुलांना प्रथम काय शिकवतात? आग दिसताच आधी वर्दी द्या. म्हणजे १९४४ च्या चौकशीतील एक निष्कर्ष आज शाळकरी मुलाच्या तोंडी बसला आहे. ज्या मृत्यूचे स्मरण झाले, त्या मृत्यूचे कारणही लक्षात राहिले. ज्याचे स्मरण झाले नाही, त्याचे कारण पुन्हा पुन्हा घडत राहिले.

दुसरे उदाहरण पोलीस दलाचे घ्या. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात भारतीय पोलीस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले. तेव्हापासून २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन झाला. या दिवशीच्या संचलनात त्या वर्षभरात कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. २०१८ साली याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण झाले आणि हजारो नावे तेथील भिंतीवर कोरली गेली. नाव मोठ्याने वाचले जाणे ही लहान गोष्ट नाही. नाव घेतले की गाव विचारले जाते, गाव विचारले की घर विचारले जाते, आणि घर विचारले की घरच्यांचे काय चालले आहे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

मुंबईच्या अग्निशमन दलाने ही परंपरा रक्त देऊन पुढे चालवली आहे. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत तत्कालीन मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी गेले. दलाचा प्रमुख स्वतः जळत्या इमारतीत शिरतो, यावरून त्या दलाचे शील समजते. पुढच्याच वर्षी, ३१ मे २०१६ रोजी, वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग विझवताना लष्करी अधिकाऱ्यांबरोबर अग्निशमन कर्मचारीही मृत्यू पावले. या साऱ्यांना समाजाने वंदन केले. कारण ते कोण होते, हे समाजाला ठाऊक होते.

पंचांगातील तीन तारखा

गणवेशाबाहेरच्या श्रमिकाचे काय? आपल्या शासकीय दिनदर्शिकेत त्याच्याशी संबंधित तारखा आहेत, पण त्यांचे स्वरूप पाहा.

पहिली तारीख ४ मार्च. १९६६ साली या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कारखान्यांत शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, अपघातविरहित तासांचा फलक रंगवला जातो. हे सारे उपयुक्त आहे. मात्र ज्या तासात अपघात झाला, त्या तासातील माणसाचे नाव त्या फलकावर येत नाही. फलक पुन्हा शून्यापासून मोजू लागतो.

दुसरी तारीख २ डिसेंबर. १९८४ च्या त्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारोंचे प्राण घेतले. त्या स्मृतीत हा दिवस राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळतात. प्रदूषण हा शब्द चुकीचा नाही. पण तो हवेबद्दल बोलतो, कारखान्याबद्दल बोलत नाही. त्या रात्रीच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यातून सावध होऊन भोपाळमधील पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ साली आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहराला वारंवार इशारा दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. एका श्रमिकाच्या मृत्यूची गंभीर दखल घेतली गेली असती, तर पुढचे काही टळले असते का, हा प्रश्न भोपाळच्या संदर्भात आजही मन कुरतडतो.

तिसरी तारीख २८ एप्रिल. १९८४ साली कॅनडातील कामगार संघटनांनी हा दिवस कामावर मृत्यू पावलेल्या आणि जायबंदी झालेल्या श्रमिकांसाठी शोकदिन म्हणून निवडला. १९९१ मध्ये कॅनडाच्या संसदेने त्यासाठी कायदाच केला आणि तेथील संसद भवनावरचा ध्वज त्या दिवशी अर्ध्यावर उतरवला जाऊ लागला. २००३ पासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना हा दिवस कार्यस्थळावरील सुरक्षा व आरोग्याचा जागतिक दिन म्हणून पाळते. इटलीचे उदाहरण तर अधिक हृद्य आहे. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळसा खाणीत आग लागून २६२ खाणकामगार गेले; त्यांतील १३६ इटलीतून पोटासाठी आलेले होते. २००१ मध्ये इटलीच्या सरकारने ८ ऑगस्ट हा परदेशी राबताना प्राण गमावलेल्या इटालियन श्रमिकांचा स्मृतिदिन ठरवला. गाव सोडून गेलेला माणूसही आपलाच आहे, असे त्या राष्ट्राने म्हटले. आपल्याकडे गाव सोडून गेलेल्या माणसांची संख्या किती मोठी आहे, हे मी सांगायला नको.

खाणीत उतरलेला मजूरमंत्री

आपल्या देशात मृत्यूची नोंद व्यवस्थित ठेवणे अशक्य आहे, असे मुळीच नाही. खाणींचे उदाहरण त्याची साक्ष देते. खाणींच्या तपासणीची यंत्रणा १९०२ पासून चालत आली आहे आणि मोठ्या अपघातांचा तपशील ती नोंदवून ठेवते. १९५८ ची चिनाकुरी, १९६५ ची धोरी, २००१ ची बागडिगी या नोंदी तारखेसह आणि मृतांच्या आकड्यासह आहेत. त्यांत सर्वांत मोठी नोंद चासनाल्याची. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या या खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या भागात साठलेले पाणी बांध फोडून आत घुसले आणि ३७५ खाणकामगार आतच गाडले गेले. पाणी उपसण्यासाठी परदेशांतून पंप आणावे लागले. आजही २७ डिसेंबरला चासनाल्याच्या स्मारकापाशी फुले वाहिली जातात.

येथे बाबासाहेबांचे स्मरण पुन्हा क्रमप्राप्त आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. म्हणजे मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तो त्यांचा ५३ वा जन्मदिन होता आणि देशातील श्रमिकांचे खाते त्यांच्याच हाती होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले आणि प्रत्यक्ष खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. त्यातूनच पुढे कारखान्यांतील सुरक्षेचा सल्ला देणारी आणि अपघातांची आकडेवारी गोळा करणारी केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. जो समाज जातीच्या उतरंडीमुळे श्रमिकाकडे पाहतच नव्हता, त्याची नजर खाणीच्या तळापर्यंत नेण्याचे काम या मजूरमंत्र्याने केले. १४ एप्रिलला त्यांच्या प्रतिमेला हार घालताना गोदीतील अनाम हमालाचीही आठवण ठेवली, तर ती जयंती अधिक सार्थ होईल.

मात्र त्या यंत्रणेची एक मर्यादा आहे. नोंदणी झालेल्या कारखान्यातून जी माहिती येते, तीच तिच्या वहीत उतरते. परांचीवरून पडलेला गवंडी, शेतात मळणीयंत्रात हात सापडलेली बाई, मैलाटाकीत गुदमरलेला सफाई कामगार यांची वाट त्या वहीपर्यंत पोहोचत नाही. वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर आपण सारेच वाचतो, ‘भिंत कोसळून तीन मजूर ठार; मृतांची नावे समजू शकली नाहीत.’ त्या ओळीकडे थांबून पाहा. ज्या ठेकेदाराने त्यांना सकाळी कामावर आणले, त्याला संध्याकाळी त्यांची नावे सांगता येत नाहीत! डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दुसऱ्या वेळी काही मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. विज्ञानाचे हे सामर्थ्य मोठेच. पण विज्ञानालाही जुळवून पाहायला घरचे कोणी तरी यावे लागते. ज्याचे घर हजार मैलांवर आहे आणि ज्याचा पत्ता कोणाच्या वहीत नाही, त्याच्यासाठी कोण येणार?

शोधायला भाग पाडले तेव्हा

नाव शोधणे ही इच्छाशक्तीची बाब आहे, हे सफाई कामगारांच्या बाबतीत दिसून आले. हाताने मैला काढण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, १९९३ पासून गटारांत व मैलाटाक्यांत मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाचा शोध घ्यावा आणि त्यांना १० लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख झाली आणि कायमच्या अपंगत्वासाठी २० लाख ठरली. या आदेशातील रकमेपेक्षा त्यातील ‘शोध घ्यावा’ हे शब्द मला अधिक मोलाचे वाटतात. मागच्या दोन दशकांतील अनाम मृतांना त्या शब्दांनी नाव मिळवून देण्याचा मार्ग उघडला. हे मृत्यू बहुतांशी समाजाच्या कोणत्या थरातील माणसांचे आहेत, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समरसता हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणे सोपे. त्याची परीक्षा मैलाटाकीच्या तोंडाशी होते.

जायबंदी झालेल्यांबद्दल तर आपण आणखी कमी बोलतो. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट होते. एखादा अवयव गेला, तर कमावण्याची शक्ती किती टक्के गेली असे मानायचे, याचा तक्ता त्यात दिला होता. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२ टक्के. भरपाईला काही तरी माप लागतेच, म्हणून तक्ता आवश्यक आहे. पण पत्र्याच्या यंत्राखाली तर्जनी गमावलेल्या कारागिराला उरलेले ८६ टक्के काम सहसा कोणी देत नाही, ही गोष्ट त्या तक्त्यात मावत नाही. दगडाच्या खाणीत, दगड घडवण्याच्या कामात वर्षानुवर्षे धूळ छातीत जाऊन ज्याला सिलिकोसिस होतो, त्याला तर कोणता अवयव गेला तेही दाखवता येत नाही. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी धोरण केले. रोग प्रमाणित झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, अशी तरतूद त्यात केली गेली. तेथेही प्रश्न पुन्हा कागदापाशीच येतो. खाणीत काम केले याचा पुरावा काय? हजेरीपट कुठे आहे?

आपल्या हातातील गोष्टी

श्रोतेहो, २०२० साली संसदेने कार्यस्थळाची सुरक्षा व आरोग्य यांविषयीची संहिता संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील एक तरतूद आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्या एका कागदावर नाव असते. तो कागद खरोखर दिला गेला, तर संकटाच्या दिवशी ‘नावे समजू शकली नाहीत’ ही ओळ छापावी लागणार नाही. कायदा मात्र स्वतःच्या पायाने चालत नाही. म्हणून काही गोष्टी आपल्या घरापासून, आपल्या इमारतीपासून सुरू कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट. आपल्यापैकी अनेक जण सहकारी गृहसंस्थांचे सभासद आहेत. इमारतीला रंग देण्यासाठी दोरीवर लटकणारा माणूस, टाकी साफ करणारा, उद्वाहन दुरुस्त करणारा हे आपल्या आवारात काम करतात तेव्हा त्यांचे यजमान आपणच असतो. वाहनतळावरच्या गाड्यांचे क्रमांक आपण वहीत लिहितो. त्या माणसाचे नाव, गाव आणि घरच्या कोणाचा दूरध्वनी क्रमांक लिहायला किती वेळ लागतो? कमरेला पट्टा नसेल तर काम सुरू होणार नाही आणि मैलाटाकीत माणूस उतरणार नाही, हा ठराव पुढच्या सभेत करून टाकावा.

दुसरी गोष्ट. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. लेथ असो, छापखाना असो, ट्रक असो, हळदकुंकू आणि झेंडूची माळ वाहिल्याशिवाय आपला दसरा उजाडत नाही. १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा जयंतीला भारतीय मजदूर संघ राष्ट्रीय श्रम दिन पाळतो. त्या दिवशी त्या कारखान्यात आजवर ज्यांनी प्राण गमावले, ज्यांचे हात-बोटे गेली, त्यांची नावे मोठ्याने वाचावीत. हयात असलेल्या जायबंदी कामगाराला आणि मृताच्या घरच्यांना सन्मानाने बोलवावे. ठेकेदाराकडचा असला तरी त्याचे नाव वगळू नये. ज्या यंत्राला आपण माळ घालतो, त्या यंत्राने ज्याचे बोट नेले त्याला विसरणे, हा कोणता धर्म?

तिसरी गोष्ट शासनाकडे मागायची. कामावर झालेल्या प्रत्येक मृत्यूची, मग तो कारखान्यात असो, बांधकामावर असो, शेतात असो वा गटारात, जिल्हावार नामावली दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. नाव, गाव, काम, मृत्यूचे कारण आणि वारसांना काय मिळाले, एवढे पाच रकाने पुरेत. पोलीस स्मृतिदिनाप्रमाणे ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रांगणात वाचली जावी. अशाने उद्योग बदनाम होतील, गुंतवणूक पळेल, अशी भीती काही जण घालतील. मी उलट म्हणेन. जो कारखानदार प्रामाणिकपणे सुरक्षेवर खर्च करतो, त्याचे वेगळेपण अशाच नामावलीतून उठून दिसेल. आज जबाबदार आणि बेफिकीर दोघेही एकाच अंधारात उभे आहेत आणि त्याचा लाभ बेफिकिराला मिळतो.

आपली परंपरा स्मरणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे. श्राद्धात नाव उच्चारावे लागते, गोत्र उच्चारावे लागते. ‘कोणी तरी’ म्हणून पिंड दिला जात नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कोणीच उरले नाही, त्यांच्यासाठीही तर्पणात एक ओंजळ सोडली जाते. आपल्या पूर्वजांनी अनामाची सोय केली, ती कर्तव्य पूर्ण करण्यासाठी. आपण तिचा उपयोग नाव न शोधण्याची सबब म्हणून करू नये. १९४४ च्या धक्क्यावरील त्या शेकडो हमालांची नावे आता मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी ओंजळ सोडण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही. उद्या सकाळी आपल्या दारात कामाला येणाऱ्या माणसाचे नाव मात्र विचारता येईल, वहीत लिहून ठेवता येईल आणि संध्याकाळी तो सुखरूप परतला याची खूणही त्या नावापुढे करता येईल. तेवढे केले, तर पुष्कळदा स्मारकाची गरजच पडणार नाही.